पलंग उतरला, साडू चढला

गाडी असलेल्या माणसाला कुणी 'कसे आहात' असं विचारत नाही. 'किती देते?' असं विचारतात. माणूस तापाने फणफणलेला असला तरी जिन्यात गाठून पहिला प्रश्न हाच, की एका लिटरमध्ये किती किलोमीटर. मी वर्षानुवर्षं या प्रश्नाला 'सतरा' असं उत्तर देत आलो आणि त्या सतराच्या जोरावर चारचौघांत ताठ मानेने वावरलो. मग गाडीच्या मागे ट्रेलर जोडला आणि सगळं गेलं. हे मी रागाने लिहितो आहे, ते लपवत नाही. राग कुणाकुणावर आहे ते पुढे येईलच. सगळ्यात वर माझा साडू आहे, पण म्हणून बाकीच्यांनी निर्धास्त राहू नये.

ट्रेलर घेतला तो आत्यासाठी. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लांब डोंगरात, एका धरणाच्या वरच्या अंगाला एकटी राहते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला तासाभराहून जास्त बसवत नाही. तासाने पाठ टेकावी लागते, आणि थोडा वेळ पडली की पुन्हा ठणठणीत. त्यामुळे तिचा प्रवास संपला तो संपलाच. बाबांच्याने हल्ली फारसं हिंडवत नाही, आणि आमचं घर तिने अजून पाहिलेलं नाही. बाबा रोज संध्याकाळी तिला फोन करतात. 'ताई, एकदा ये, महिनाभर राहा, मग मी मरायला मोकळा.' ती म्हणते, 'रांगेत माझा नंबर आधी आहे.' मग दोघं हसतात. फोन ठेवल्यावर बाबा मात्र भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसतात.

त्यावर बायकोने उपाय काढला. पलंग असलेला एक छोटा ट्रेलर घ्यायचा. आत्याला गाडीत बसवायचं, तासातासाने थांबायचं, ट्रेलरमधल्या पलंगावर तिला पडू द्यायचं, पुन्हा गाडीत बसवून निघायचं. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस ठेवायला बंदी आहे, हे मी इथेच सांगून टाकतो, नाहीतर तेवढ्यावरून पत्रं येतील. उपाय इतका सरळ होता की त्यात माझी अब्रू कुठून जाणार हे मला दिसलंच नाही.

ट्रेलर आम्ही एका दाताच्या डॉक्टरकडून जुना घेतला. आत भिंतीला लावलेला लाकडी पलंग, दोन कपाटं, शेगडी, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात माणूस जेमतेम मावेल एवढा संडास. डॉक्टरांनी व्यवहार फार चटकन उरकला, आणि किल्ली देताना विचारलं, "तुमची गाडी किती देते?" मी सतरा म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दात उपटण्यापूर्वी ते लोकांकडे ज्या नजरेने बघत असणार त्या नजरेने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं."

पहिल्या चाचणीत गाडीने सात दिले. मी पुन्हा हिशेब केला, तरी सातच. पोराला नेहमी चांगले मार्क मिळावेत आणि एकदम त्याच्या हातात नापासाचा निकाल यावा, तसा मी पंपावर उभा राहिलो.

हे मी कुणालाही सांगणार नव्हतो. पण रविवारी साडू जेवायला आला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. याला जगातल्या प्रत्येक गोष्टीविषयी आधीच कल्पना असते. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा यालाच आधी कल्पना होती. भाजी पुन्हा वाढून घेत तो म्हणाला, "ट्रेलर लावून तुमची गाडी आठच्या वर जाणार नाही. मला घेताना विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. लोक जे सांगतात त्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. आठवडाभर ते काम करून रविवारी माझ्याच ताटासमोर माझ्यावर कुणी अविश्वास दाखवला की माझं डोकं फिरतं. मी म्हणालो, "बारा देईल."

बारा कुठून आला ते मला माहीत नाही. तोंडातून निघाला. साडूने घास खाली ठेवला.

"बारा?"

"बारा."

"मग मी स्वतः येतो तुमच्याबरोबर. डोळ्यांनी बघतो."

बायको म्हणाली, "अहो, आपण आत्यांना आणायला चाललोय. शर्यतीला नाही." तिच्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही. साडवांचं एकमत होण्याचे प्रसंग फार कमी असतात, त्यातला तो एक होता.

दुसऱ्या दिवसापासून मी गुपचूप कामाला लागलो. गुपचूप म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं. तळमजल्यावर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर राहतात. आयुष्यभर समोर बसलेली मुलं एकदम नाहीशी झाल्यामुळे ते आता रहिवाशांना शिकवतात. त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या सपाट पत्र्यावर थाप मारली.

"ही भिंत आहे," ते म्हणाले. "तुम्ही गाडीमागे भिंत ओढताय. तुमचं पेट्रोल वारा ढकलण्यात जातंय. याला नाक लावा. आणि सावकाश चालवा, बास."

सल्ला बरोबर होता, हे मी आता कबूल करतो आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मी कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं. माशाच्या तोंडासारखं निमुळतं नाक, हलक्या प्लायचं, असं त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने मान डोलावली आणि दाराला वापरतात त्या जाडीच्या प्लायचं नाक करून आणलं. का, तर "साहेब, तोंडाला लागणारी वस्तू, मजबूत नको का?" ते बसवायला चार माणसं लागली. नाक लावलेला ट्रेलर इमारतीच्या दारात उभा राहिला तेव्हा सेक्रेटरींनी गच्चीवरून विचारलं, की ही वस्तू इथे किती दिवस राहणार आहे. ट्रेलर नाही म्हणाले, वस्तू म्हणाले.

मग कुणीतरी, बहुधा सेक्रेटरींनीच, कानाला लागून सांगितलं, की वाहनाच्या आकारात फेरफार केला तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. मी नियमाने चालणारा माणूस आहे. माझ्या बहुतेक अडचणी त्यातून आल्या आहेत. रजा टाकली आणि गेलो.

पहिल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "फेरफार कसला?"

"नाक लावलंय."

"गाडीला?"

"ट्रेलरला."

"ट्रेलर पलीकडे." पलीकडच्या खिडकीतला माणूस चहा ढवळत होता. त्याने ढवळणं पूर्ण केलं. मग म्हणाला, "माल वाहता की माणसं?" मी म्हणालो, पलंग. तो म्हणाला, पलंग हा माल आहे. मी म्हणालो, पलंगावर आत्या झोपणार आहे. तो म्हणाला, मग माणसं. मी म्हणालो, पण चालताना नाही, थांबल्यावर. त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, थांबल्यावर ते वाहनच नाही, ते घर आहे, आणि घरं या कार्यालयात येत नाहीत. मी दारापर्यंत गेलोही होतो. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्याने निरीक्षकांकडे पाठवलं.

निरीक्षक खाली आले, नाकावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "नाकाला हरकत नाही. वजनाला आहे. मूळ वजनापेक्षा एक किलोही वाढता कामा नये. काट्यावर करून आणा."

शहराबाहेरच्या ज्या काट्यावर मला जावं लागलं तिथे खडीचे आणि भंगाराचे ट्रक वजन करतात. माझ्या पुढे आठ ट्रक होते, आणि त्यांच्यामागे मी, लाकडी नाक वर करून. काटेवाल्याने आकडा वाचला. सुताराचं नाक पाण्याची टाकी आणि संडास मिळून होईल एवढं जड होतं. म्हणजे नाक ठेवायचं तर टाकी आणि संडास काढायचा, एवढा सरळ हिशेब. मी काढला. शिक्का मिळाला.

इथे थांबायला हवं होतं. पण काट्यावरून खाली उतरताना गाडीने जी मोकळी झेप घेतली ती मी विसरू शकत नव्हतो. त्या रात्री शेगडी काढली. मग एक कपाट, मग त्याला एकट्याने करमणार नाही म्हणून दुसरं. पडदे काढले. पडद्याच्या दांड्या काढल्या. ऑफिसात कुणाच्या मोडक्या बंपरचे फोटो बघताना माझ्या डोळ्यांसमोर ट्रेलरमधले स्क्रू येत होते. काढलेलं सगळं सामान आमच्या मजल्यावरच्या जिन्यात ठेवलं. सेक्रेटरींनी खाली सूचना लावली, 'जिन्यात संडास ठेवू नये.' बाहेरून येणारा प्रत्येक माणूस ती वाचून माझ्या दाराकडे बघायचा. असल्या इमारतीत माणसाने मान खाली घालून किती दिवस जगायचं?

बायकोने एकदा आत डोकावून बघितलं. पलंग तेवढा राहिला होता.

"याला हात लावू नका," ती म्हणाली.

"छे," मी म्हणालो. आणि तेव्हा खरंच म्हणालो होतो.

निघायच्या दिवशी सकाळी साडू आला. मी त्याच्या बुद्धीचा इतकी वर्षं विचार केला होता, वजनाचा केला नव्हता. तो रिक्षातून उतरला आणि रिक्षा वर आली. हातात एक भली मोठी बॅग, त्यात स्वतःचं पाणी, कारण त्याला कुठलंही पाणी चालत नाही. मी त्याच्याकडे बघितलं, ट्रेलरकडे बघितलं, आणि मला एक गोष्ट लख्ख दिसली. पलंग लागणार तो येताना. जाताना त्यावर झोपणारं कुणी नाही. मग रिकामा पलंग डोंगरापर्यंत वाहून न्यायचा कशासाठी? तिथे गेल्यावर आत्याचाच एखादा पलंग आत टाकता येईल. इतकं तर्कशुद्ध मी ऑफिसातही कधी लिहिलं नव्हतं. बायको वर डबे भरत होती तेवढ्यात मी स्क्रूड्रायव्हर आणला.

पलंग उतरला आणि साडू चढला. बाबा खाली खुर्चीवर बसून बघत होते. त्यांनी नंतर एवढंच विचारलं, "ताईला पडायला काही राहिलं का रे?"

"आहे बाबा, व्यवस्था आहे."

बायको खाली आली तेव्हा पलंग जिन्यात होता. ती गाडीत बसली. त्यानंतरचा बराच रस्ता ती खिडकीबाहेरच बघत होती.

पंपावर साडूने न्यायाधीशाचं काम सुरू केलं. टाकी काठोकाठ भरली पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा. भरणारा थांबला की साडू म्हणायचा, "आणखी थोडं." मग गाडी हलवायची, म्हणजे आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते, मग आणखी थोडं. मागच्या सीटवर बाबा आणि बायको, आणि बाहेरून आम्ही दोघं साडू गाडी गदागदा हलवतोय. मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "आजोबांना उठवताय का?"

रस्ता सुरू झाला. मी ताशी पन्नासच्या वर गेलो नाही. एसी बंद, कारण तो पेट्रोल खातो. काचा बंद, कारण वारा अडतो. आत चौघं शिजत होतो. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून शेवटी वळसा घालून जायचे आणि जाताना ड्रायव्हर वाकून माझा चेहरा बघायचे. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. साडू म्हणाला, "त्यालाही ट्रॉली होती." मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

मग बाबा म्हणाले, "जरा थांबवतोस का? लघवीला जायचंय."

समोर चढ होता. चढावर थांबून पुन्हा पहिल्या गिअरमध्ये निघणं म्हणजे काय, हे ज्याने ॲव्हरेज काढलं आहे त्यालाच कळेल. मी म्हणालो, "बाबा, एवढा चढ संपू दे. मग उतारावर थांबवतो." चढ संपला आणि दुसरा लागला. मी म्हणालो, "हा एवढाच." बाबा म्हणाले, "चालेल, चालेल," आणि दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसले.

पुढच्या गावात मी थांबलो, पण तोवर उशीर झाला होता. बाबा खाली उतरले तेव्हा त्यांनी शर्ट पुढे ओढून धरला होता. बायकोने बॅगेतून त्यांचं धोतर काढलं, त्यांना आडोशाला नेलं, परत आली, आणि मग समोरच्या बसस्टँडवर गेली. परत आली ती तिकिटं घेऊनच.

"मी आणि बाबा बसने पुढे जातोय," ती म्हणाली.

"अगं, बाबांना बसमध्ये..."

"मी ड्रायव्हरला विचारून आले. तो म्हणाला, आजोबा म्हणतील तिथे थांबवतो."

एका परक्या माणसाने, जो मला ओळखतही नाही, माझी लायकी अशी एका वाक्यात काढली. मला भयंकर राग आला. बायकोने बाबांचा हात धरला, बसमध्ये चढवलं, खिडकीजवळ बसवलं. बस गेली. आणि मी आज खरं सांगतो, त्या धुरात उभा असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की दोन माणसं कमी झाली.

ती रात्र आम्ही दोघा साडवांनी रिकाम्या ट्रेलरच्या फळीवर काढली. गादी नव्हती. साडू म्हणाला, "पलंग असता तर." त्यावर मी पाठ फिरवली, तर समोर पत्रा होता.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला पंप होता. पुन्हा टाकी भरली, पुन्हा गाडी हलवली, साडूने मोबाइलवर भागाकार केला, पुन्हा केला, आणि चेहरा पाडून फोन माझ्यापुढे धरला. बारा आणि वर थोडे. मी काही म्हणालो नाही. मोठा माणूस अशा वेळी काही म्हणत नाही. वरच्या घाटात मी फक्त, आत्याच्या घरी पोचल्यावर बायकोला काय सांगायचं ते वाक्य मनात जुळवत होतो, आणि त्यात कुठेही फुशारकी दिसू नये याची काळजी घेत होतो.

आत्या अंगणात उभी होती. नवी साडी, पायात मोजे, हातात काठी, दाराशी दोरीने बांधून तयार ठेवलेली ट्रंक. बाबा तिच्या शेजारी खुर्चीत. बाबांचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

"आलास," आत्या म्हणाली. "कधीची वाट बघतेय. तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं, चाकावरची खोली आणतोय म्हणून. मला पलंग बघू दे आधी."

मी बायकोकडे बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "पलंग काढल्याचं मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "आत्या, इथे तुझा एखादा पलंग असेल ना, तोच आत..."

"माझा कुठला पलंग? मी भिंतीत बांधलेल्या ओट्यावर झोपते. तुला माहीत नाही होय?" आणि काठी टेकत ती ट्रेलरशी गेली. पायरी चढायला तिला वेळ लागला. मी हात दिला, तो तिने घेतला. दार उघडलं.

आत एक फळी होती, आणि ज्या ठिकाणी पलंग होता तिथे चार स्क्रूंची भोकं. आत्या वाकून वाकून बघत राहिली. कोपऱ्यात काही ठेवलेलं असेल म्हणून तिने तिकडेही बघितलं.

"हे तर रिकामं आहे रे," ती म्हणाली.

साडू मागून म्हणाला, "पण बारा दिले ह्यांनी. मी साक्षीदार आहे." त्याच्या आयुष्यात त्याने माझ्या बाजूने काढलेलं हे पहिलं वाक्य. त्याचा गळा धरावा असं मला त्याआधी कधीच इतकं वाटलं नव्हतं.

बाबा खुर्चीतून उठले. सावकाश आले, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, पलंग मागून येतोय. हा म्हणाला, तुला हवा तसा घेऊ, म्हणून आधीचा काढून टाकला."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आत्या म्हणाली, "असं होय," आणि तिला ते पटलं. एवढ्या माणसांत एकट्या तिला पटलं. ती दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली आणि बांधलेल्या ट्रंकेवर पाय ठेवून वाट बघू लागली.

मी गाडीत बसलो. साडू आपणहून शेजारी येऊन बसला. घाट पुन्हा उतरलो. खालच्या बाजारात पलंगाचं एकच दुकान होतं, आणि दुकानदार जेवून आडवा होत होता. त्याने लोखंडी नळीचा पलंग दाखवला. "हा घ्या. हलका आहे, वागवायला बरा. ट्रेलरला ताण नाही."

"दुसरा?"

"दुसरा सागवानी आहे. उगाच वजन आहे त्याला."

मी सागवानी पलंगाच्या कडेला बसून बघितलं. मग आडवा झालो. पाठीला कुठेच टोचत नव्हतं. साडू फोनवर काहीतरी आकडेमोड करत होता. "हा घेतलात तर जाताना सहासुद्धा..." एवढं म्हणून तो माझ्याकडे बघून थांबला.

"हाच," मी दुकानदाराला म्हणालो. आणि साडूला म्हणालो, "तुम्ही पायाकडची बाजू धरा."